भांड्यातून आलेले संप्रेरक

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन, अरुणा कृष्णन आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टच्या पेशींत त्यांना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला पकडून ठेवणारे एक प्रथिन आढळले होते. कुलूप आहे तर किल्लीही असेल, असा त्यांचा तर्क. म्हणून यीस्ट वाढवलेल्या द्रवात इस्ट्रोजेनसारखे काही मिळते का, हे ते शोधू लागले आणि ते मिळालेही. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी यीस्ट न घातलेला नुसता द्रव तपासला. त्यातही तो पदार्थ होता!

यीस्टचा काही संबंधच नव्हता. द्रव निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतील प्रेशर कुकरमध्ये, तापवला जाई आणि त्यासाठी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचे चंबू वापरले जात. त्यांत साधे ऊर्ध्वपातित पाणी तापवले तरी तो पदार्थ पाण्यात उतरे. प्रमाण लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढेच. १९९३ साली या गटाने आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्या पदार्थाचे नाव सांगितले : बिसफिनॉल-ए. (पुढे आपण त्याला बीपीए म्हणू.)

या शोधातली आश्चर्याची गोष्ट वेगळीच आहे. बीपीए इस्ट्रोजेनसारखे वागते, ही माहिती १९९३ साली नवी नव्हती. ती १९३६ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होती. मधली सत्तावन्न वर्षे ती कुठे होती, आणि त्याच काळात तो पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात कसा येऊन बसला, हा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांदर दियानिन यांनी हा पदार्थ १८९१ साली प्रथम बनवला. १९०५ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथील थिओडोर त्सिंक यांनी त्याच्या निर्मितीची कृती प्रसिद्ध केली. कृती सोपी आहे. फिनॉलचे दोन रेणू, ॲसिटोनचा एक रेणू, उत्प्रेरक म्हणून आम्ल. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एका कार्बनच्या दोन बाजूंना दोन फिनॉल जोडले जातात. दोन फिनॉल म्हणून ‘बिसफिनॉल’, आणि ॲसिटोनचे आद्याक्षर म्हणून पुढचा ‘ए’. त्या वेळी त्याचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता. रसायनशास्त्राच्या कपाटात असे हजारो पदार्थ नुसते पडून असतात.

त्याचा पहिला उपयोग कोणी शोधला असेल, तर तो प्लॅस्टिकवाल्यांनी नव्हे, वैद्यकातील माणसांनी. १९२० आणि १९३० च्या दशकांत संप्रेरकांचे संशोधन भरात होते. नैसर्गिक इस्ट्रोजेन मिळवणे फार जिकिरीचे होते. डुकरिणींच्या अंडाशयांच्या टनावारी ढिगातून काही मिलिग्रॅम हाती लागत, नाहीतर गाभण घोडीच्या मूत्रातून ते काढावे लागे. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांना प्रयोगशाळेतच बनवता येईल असा स्वस्त पर्याय हवा होता. नैसर्गिक इस्ट्रोजेनच्या रेणूत चार कडी एकमेकांना चिकटलेली असतात. एवढी गुंतागुंत खरोखर आवश्यक आहे का, असा प्रश्न त्यांनी विचारला.

त्यांची परीक्षा अशी. अंडाशय काढून टाकलेल्या मादी उंदरांमध्ये ऋतुचक्र थांबते. त्यांना एखादा पदार्थ टोचल्यावर ते पुन्हा सुरू झाल्याची चिन्हे दिसली, तर तो पदार्थ इस्ट्रोजेनचे काम करतो. डॉड्स आणि विल्फ्रिड लॉसन यांनी कपाटातले अनेक साधे रेणू असे पारखले. बीपीए या परीक्षेत उतरले, आणि १९३६ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात तसे जाहीर झाले. मात्र त्याची शक्ती नैसर्गिक इस्ट्रोजेनच्या मानाने हजारो पटींनी कमी होती. औषध म्हणून ते कुचकामी. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या साहाय्याने डॉड्स यांच्या गटाला त्याच धाटणीचा पण अतिशय प्रभावी रेणू सापडला : डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. सरकारी पैशातून झालेल्या या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. कोणीही ते बनवावे, इतके ते स्वस्त होते.

डीईएसची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे थोडक्यातच सांगतो. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गर्भवतींना ते दिले गेले. १९५३ साली शिकागो विद्यापीठात झालेल्या नियंत्रित चाचणीत त्याचा काही उपयोग होत नाही असे दिसले, तरी ते देणे चालूच राहिले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी आठ तरुणींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा शोध घेतला. आठांपैकी सात जणींच्या आयांनी त्या मुली पोटात असताना डीईएस घेतले होते. औषध घेतले आईने, आणि आजार झाला मुलीला, तोही पंधरा-वीस वर्षांनी. कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भावर काय करू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा समोर असताना, त्याच कुळातला दुबळा भाऊ दरम्यान कुठे गेला आहे हे पाहायला कोणी वळले नाही.

तो गेला होता कारखान्यात. १९३० आणि १९४० च्या दशकांत स्वित्झर्लंडचे पियेर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी बीपीएपासून इपॉक्सी रेझीन तयार केले. धातूला घट्ट चिकटणारा, आम्लाला दाद न देणारा हा लेप डब्याबंद खाद्यपदार्थांच्या उद्योगाला वरदानच ठरला. टोमॅटो किंवा फळांचे आम्ल पत्र्याला लागत नाही, डबा गंजत नाही, अन्न टिकते. हा फायदा खोटा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना नकळत आणि जवळजवळ एकाच वेळी, बीपीएची साखळी गुंफून पॉलिकार्बोनेट बनवले. फॉक्स खरे तर तारांवरच्या विद्युतरोधक लेपाच्या शोधात होते. त्यांच्या पात्रातला द्रव ढवळण्याच्या कांडीभोवतीच घट्ट झाला आणि तो गोळा काही केल्या फुटेना! काचेसारखे पारदर्शक पण हातोड्यालाही न जुमानणारे प्लॅस्टिक जगाला मिळाले. बाळाच्या दुधाच्या बाटल्या, चष्म्याच्या काचा, पुढे सीडीच्या तबकड्या, आणि आपल्या कार्यालयांत व लग्नघरांत दिसणारे वीस लिटरचे निळसर पाण्याचे जार : यांतले बरेच पॉलिकार्बोनेटचे. (आता असे जार ‘पेट’ या प्लॅस्टिकचेही असतात, आणि त्यात बीपीए नसते.)

आता १९३६ चा शोधनिबंध आणि १९५३ चे पेटंट एकाच ग्रंथालयात असतीलही, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. औषधवाल्यांनी बीपीए दुबळे म्हणून सोडून दिले. प्लॅस्टिकवाल्यांना ते इस्ट्रोजेन आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. शिवाय एक भक्कम वाटणारी समजूत होती. बहुवारिकाच्या लांबलचक साखळीत एकदा रेणू अडकला की तो तिथेच राहणार. अमेरिकेत १९६० च्या दशकात बीपीएच्या प्लॅस्टिकांना अन्नाच्या संपर्कात येण्याची परवानगी मिळाली, ती याच समजुतीच्या वातावरणात.

ही समजूत कुठे चुकते हे दहावीचा विद्यार्थीही समजू शकेल. एक तर साखळी गुंफताना काही मणी मोकळे राहतातच. दुसरे असे की, पॉलिकार्बोनेटमधले मणी कार्बोनेट बंधाने जोडलेले असतात, आणि हा बंध एस्टरच्या जातीचा. आपण वर्गात तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण करून दाखवतो तेव्हा काय होते? अल्कली एस्टरचा बंध तोडते. तेच इथे घडते. उष्णता आणि अल्कली मिळाली की साखळी तुटते आणि बीपीएचे रेणू सुटे होतात. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून पॉलिकार्बोनेटची बाटली घासणे म्हणजे नकळत हाच प्रयोग करणे होय.

हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर घरातल्या प्लॅस्टिकच्या वस्तू गोळा करून त्यांच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातले आकडे लिहून काढायला सांगावे. १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. ७ हा ‘इतर’ असा सरमिसळीचा गट आहे. पॉलिकार्बोनेट त्यात येते, पण ७ दिसला म्हणजे पॉलिकार्बोनेटच असे मात्र नाही. आकडा आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतो, उत्तर देत नाही.

स्टॅनफर्डचा अनुभव एकटा नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्याकडेही असेच घडले. ते स्तनाच्या कर्करोगाच्या अशा पेशी वाढवत, ज्या इस्ट्रोजेन मिळाले तर भराभर वाढतात आणि नाही मिळाले तर थांबतात. एके दिवशी इस्ट्रोजेन न घातलेल्या पेशीही वाढू लागल्या. सगळे धुऊन-पुसून, सगळे बदलून पाहिले. दोष निघाला प्लॅस्टिकच्या नळ्यांत. उत्पादकाने त्यांच्या घटकांत बदल केला होता, पण तो बदल काय हे सांगायला तो तयार नव्हता. ते व्यापारी गुपित. शेवटी दोघांनी स्वतःच तो पदार्थ वेगळा काढला. तो बीपीए नव्हता, त्याच्या नात्यातला नोनिलफिनॉल होता. हे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी थिओ कोलबर्न यांनी अमेरिकेतील विंगस्प्रेड येथे निरनिराळ्या शाखांचे शास्त्रज्ञ एकत्र बोलावले. पक्ष्यांचे, माशांचे, पेशींचे आणि माणसांचे अभ्यासक प्रथमच एका टेबलाभोवती बसले, आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना एक सामाईक नाव मिळाले. वेगवेगळ्या मजल्यांवरचे कागद एकत्र आले म्हणा ना.

तिसरी हकीकत सर्वांत बोलकी. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करत होत्या. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर ओळीने उभी राहतात आणि मग दोन बाजूंना जातात. ही ओळ विस्कटली तर एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी असलेले बीज तयार होते. माणसात डाऊन सिंड्रोम उद्भवतो तो अशाच चुकीतून. निरोगी, तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांत ही चूक शंभरात एक-दोनदाच होत असे. ऑगस्ट १९९८ मध्ये ती एकाएकी ४० टक्क्यांवर गेली. प्रयोगात काहीच बदलले नव्हते. बराच शोध घेतल्यावर कळले की, पिंजरे धुण्यासाठी सौम्य साबणाऐवजी चुकून फरशी धुण्याचा तीव्र अल्कलीयुक्त साबण वापरला गेला होता. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पांढरट, चिकट झाल्या होत्या. साबणीकरणच ते!

हंट यांनी तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. त्यांनी मुद्दाम त्याच साबणाने नवे पिंजरे आणि बाटल्या खराब केल्या. परिणाम पुन्हा दिसला. मग शुद्ध बीपीए मोजून पाजले; पुन्हा दिसला. हे सगळे पूर्ण करून शोधनिबंध यायला २००३ साल उजाडले. शरीराच्या किलोग्रॅममागे रोज २० मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेतही परिणाम होता. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये माणसासाठी सुरक्षित ठरवलेली रोजची मात्रा होती ५० मायक्रोग्रॅम.

ती ५० कशी ठरली? उंदरांना बीपीए भरपूर खाऊ घालून कर्करोग होतो का हे पाहिले गेले. सर्वांत कमी मात्रा होती किलोग्रॅमला रोज ५० मिलिग्रॅम. तिथे कर्करोग नाही, पण वजन घटलेले दिसले. मग त्या आकड्याला १००० ने भागले आणि झाली सुरक्षित मात्रा. त्या हजारपट कमी पातळीवर प्रत्यक्ष काय होते, हे कोणी पाहिले नव्हते. विषाचा परिणाम मात्रेबरोबर कमी होत जातो, हे गृहीत होते. बहुतेक विषांना ते लागूही पडते. पण संप्रेरके अत्यल्प प्रमाणातच काम करतात. विरजणाची उपमा इथे सुचते, पण ती फसवी आहे. विरजणातले जीवाणू वाढत जातात, संप्रेरक वाढत नाही. ते निरोप्याचे काम करते. पेशीतील ग्राही प्रथिनाला निरोप पोचला की पुढचे काम पेशीच करते, आणि सगळे ग्राही भरल्यावर आणखी निरोपे पाठवून काही जास्त होत नाही. त्यामुळे मोठ्या मात्रेवरून लहान मात्रेचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

१९९७ पासून या ‘लहान मात्रे’वरून जे भांडण जुंपले ते अजून मिटलेले नाही. मिसूरी विद्यापीठाच्या फ्रेडरिक वॉम साल यांनी गर्भातील नर उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर २ मायक्रोग्रॅमचाही परिणाम दाखवला. काही प्रयोगशाळांना तो दिसला नाही. २००५ मध्ये त्यांनी आणि क्लॉड ह्यूज यांनी तोवरचे लहान मात्रेचे ११५ अभ्यास मांडून पाहिले. सरकारी निधीतून झालेल्या १०४ पैकी ९४ अभ्यासांत परिणाम आढळला होता. उद्योगांच्या पैशातून झालेल्या ११ पैकी एकातही नाही. आमच्या मते एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नये. उंदरांची जात, त्यांच्या खाद्यातील सोयाबीनमधले वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन, अशा गोष्टींनीही निष्कर्ष बदलतात. परंतु पैसा कोठून आला हे विचारल्याशिवाय निष्कर्ष वाचू नये, इतके तरी हे आकडे नक्की सांगतात.

आणि माणसांचे काय? बीपीए शरीरात साठून राहत नाही. यकृत त्याला दुसऱ्या रेणूशी जोडते आणि ते मूत्रावाटे बहुतांशी एका दिवसात निघून जाते. म्हणून एक आकडा विचार करायला लावतो. अमेरिकेत २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरील २,५१७ जणांचे मूत्र तपासले, तेव्हा जवळजवळ ९३ टक्के नमुन्यांत बीपीए सापडले, आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त. एका दिवसात रिकामी होणारी बादली कधीही पाहिली तरी ओली असेल, तर नळ चालूच आहे असे समजावे. नळ कुठला, हेही तपासले गेले. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर थंड पेये पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून प्यायली, तर मूत्रातील बीपीए सुमारे दोन तृतीयांशाने वाढले (२००९). दुसऱ्या प्रयोगात ७५ जणांनी पाच दिवस रोज एक वाटी डबाबंद सूप घेतले. ताजे सूप घेतलेल्या आठवड्याच्या मानाने पातळी दहापटींहूनही अधिक वाढली (२०११). म्हणजे सगळ्यांचे लक्ष बाटलीकडे होते, पण मोठा वाटा डब्याच्या आतल्या लेपाचा निघाला. दुकानांतल्या पावत्यांच्या चकचकीत, उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर तर बीपीए कुठल्याच साखळीत न अडकता सुटेच असे. युरोपने तिथे ते २०२० पासून जवळजवळ बंद केले.

कायदे बाटलीपासूनच सुरू झाले. कॅनडाने २००८ मध्ये दुधाच्या बाटल्यांवर बंदीचा निर्णय जाहीर केला, युरोपीय संघाने २०११ मध्ये ती अमलात आणली, अमेरिकेने २०१२ मध्ये परवानगी काढून घेतली, आणि तीही उद्योगांच्याच विनंतीवरून, कारण तोवर तशा बाटल्या खपेनाशा झाल्या होत्या. भारतीय मानक संस्थेच्या २०१५ च्या मानकातही बाळाच्या बाटलीत बीपीएला जागा नाही. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेची रोजची मर्यादा २००६ मध्ये किलोग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम होती. २०१५ मध्ये ४ झाली. २०२३ मध्ये ०.२ नॅनोग्रॅम. पहिल्या आकड्याच्या अडीच लाखांश! जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने हे मान्य केले नाही. तिच्या हिशोबाने २०० नॅनोग्रॅम योग्य. म्हणजे तज्ज्ञांच्या दोन गटांत आजही हजारपटींचे अंतर आहे. तरीही २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कातील वस्तूंमध्ये बीपीएवर बंदी घालणारा नियम केला.

दरम्यान दुकानांत ‘बीपीए-मुक्त’ अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तू आल्या. पुष्कळदा बीपीएच्या जागी त्याचीच भावंडे घातलेली असतात : मधल्या कार्बनऐवजी गंधकाचा गट असलेले बिसफिनॉल-एस, किंवा बिसफिनॉल-एफ. पॅट्रिशिया हंट एव्हाना वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गेल्या होत्या. त्यांच्या नव्या प्रयोगशाळेतले पिंजरे पॉलिकार्बोनेटचे नव्हते. उष्णता आणि रसायने अधिक सोसणाऱ्या पॉलिसल्फोनचे होते. तिथे पुन्हा एकदा तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांच्या बीजपेशींत गडबड दिसू लागली. काही पिंजऱ्यांवर पांढुरके डाग पडले होते. त्यांतून बिसफिनॉल-एस झिरपत होते. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. संपर्क त्या दिवशी पूर्ण थांबवला, तरी नर उंदरांच्या वंशात त्याचा परिणाम सुमारे तीन पिढ्या टिकेल, असे त्यांना आढळले. वीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या प्लॅस्टिकांनी त्यांचे प्रयोग बिघडवले होते. दोन्ही वेळा सर्वांत आधी हरवला तो तुलनेचा गट, म्हणजे ज्याला काहीच दिलेले नाही असा उंदीर. माणसांवरच्या अभ्यासात तसा गट शोधायला गेले, तर त्या ९३ टक्क्यांबाहेरचे सात टक्के उरतात, आणि तेही बहुधा त्या दिवसापुरतेच.